पडवीतल्या ड्रमाचं पाणी

वडगाव रासाई, ता. शिरूर
९ मार्च २०२५

चि. रविराज यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून हसशील. मोबाइलवर समोरासमोर तोंड दिसायच्या काळात आत्याला हे काय सुचलं, म्हणशील. पण माझा उजवा कान गेला आणि डावा त्याच वाटेवर आहे, हे तुला माहीत आहे. फोनवर तू ओरडतोस, मी ओरडते, आणि आपलं बोलणं उसाच्या फडापर्यंत पोचतं. आज जे लिहायचंय ते घरात कुणाला कळायला नको आहे. बालवाडीत मदतनीस होते तेव्हाचं अक्षर अजून हातात आहे, ते कामी आलं. दुधाचा टेम्पोवाला रोज दौंडला जातो. तो कुरकुंभला तुझ्या खोलीवर पत्र टाकीन म्हणाला.

रवी, तुझे मामा घरी येतात.

घाबरू नकोस. मीही घाबरत नाही, नवऱ्याला काय घाबरायचं. दिसत नाहीत, बोलत नाहीत. दिवेलागणीला मी पडवीत वाती वळत बसले की त्यांच्या बामाचा वास येतो. शेतातून आले की मावळतीच्या भिंतीला टेकून बसायचे आणि गुडघे चोळायचे, तू लहानपणी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचास. "अनसे, मेंढरामागं झिजल्यात ही गुडघी," म्हणायचे. "बामानं काय व्हत न्हाई, पण चोळल्याबिगर झोप येत न्हाई." बामाची डबी मी चितेवर त्यांच्याबरोबरच जाऊ दिली. घरात दुसरी नाही. दत्ताच्या खिशापासून पूनमच्या पेटीपर्यंत सगळं हळूच धुंडाळून झालं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तू होतासच. दुपार टळली, माणसं कंटाळली, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेव्हाच माझ्या मनाने घेतलं की ह्यांचं काहीतरी अडकलंय. काय अडकलंय तेही मला ठाऊक आहे. सुनेला, पूनमला, दिवस गेलेत. आधीची दोन राहिली नाहीत. छातीत दुखायला लागलं त्या सकाळीसुद्धा म्हणत होते, "नातवंड बघूनच जाईन, आदूगर न्हाई." ते बघायला थांबलेत.

दत्ताला सांगितलं तर तो मला गाडीत घालून डोक्याच्या डॉक्टरकडे नेईल. पोटचा मुलगा आहे, पण आईचं काही ऐकून घ्यायच्या आधी उपाय करतो. तू हसणार नाहीस म्हणून तुला लिहिलं. एवढंच सांग, मला वेड लागलंय का?

तुझी आत्या
अनसाबाई


कुरकुंभ, ता. दौंड
१६ मार्च २०२५

ती. सौ. आत्यास रविराजचा शि. सा. नमस्कार.

वेड वगैरे काही नाही. मामांना जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. मलाही परवा शिफ्टवरून येताना बसस्टॉपवर एका म्हाताऱ्याची पाठ बघून हाक मारावीशी वाटली. मग तसाच पुढे आलो.

पण एक बघ. मामांचं घोंगडं कुठे ठेवलंय? लोकर वास सोडत नाही. ते पडवीत कुठे खुंटीवर असेल, तर दिवसभर पत्रा तापतो आणि संध्याकाळी त्यातला बाम वर येतो. मला तरी असंच काही वाटतंय.

आमच्या कंपनीत तर वासाचीच भानगड असते. फरसाण, मसाले, दूधपावडर यांच्या पिशव्यांची फिल्म आम्ही बनवतो. तुम्हाला ती एक पिशवी दिसते, पण तिला तीनचार पदर असतात. बाहेरचा छपाईचा, मधला हवा आणि वास अडवणारा, आतला अन्नाला लागणारा. मधला पदर नीट जमला नाही तर मसाला आत आणि वास बाहेर. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने अख्खी गाडी परत पाठवली. तक्रार काय, तर बिस्किटांना देवघराचा वास येतो. चौकशी केली तेव्हा कळलं, आमचे रोल ठेवले होते त्या गोदामात शेजारी अगरबत्तीची खोकी होती. प्लॅस्टिकने वास पिऊन घेतला आणि बिस्किटाला पाजला. साहेब आठवडाभर कुणाशी धड बोलत नव्हते, आणि आम्ही मात्र एकमेकांना बिस्किटं देताना हात जोडत होतो.

तेव्हा घोंगडं बघ. आणि वास येतोय तर येऊ दे, त्यात काय वाईट आहे? मी तर म्हणेन, माझाही नमस्कार सांग.

पूनमला जपा. तिला वाकायची कामं देऊ नका.

तुझा
रविराज


वडगाव रासाई
२४ मार्च २०२५

चि. रविराज यास अनेक आशीर्वाद.

मायन्यात सवयीने "सौ." लिहून गेलास. पूनमच्या हाती पाकीट लागलं, तिने वरची ओळ बघितली आणि बिचारी गोरीमोरी झाली. मी म्हटलं, राहू दे, तो चुकलेला नाही.

घोंगडं घरात नाही. तेराव्याला दान दिलं, टोपी आणि चपलांसकट. पण तुझ्या पत्रामुळे मी नेटाने शोध घेतला आणि जागा सापडली. वास पडवीतल्या ड्रमातून येतो.

तेराव्याच्या गडबडीत तो ड्रम तुझ्या लक्षात आला नसेल. पौषात मामा तुमच्या कुरकुंभच्या फिरंगाईदेवीच्या दर्शनाला गेले होते, तेव्हा हायवेवरच्या भंगारवाल्याकडून आणला. निळा, माझ्या छातीएवढा, झाकणाला लोखंडी कडं. आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो, उन्हाळ्यात तेवढाही नाही, म्हणून आणला. टेम्पोतून उतरवताना जणू म्हैस विकत घेतली असा थाट होता. "कंपनीचा माल हाय. आपुन मरू पण ह्यो फुटायचा न्हाई." पडवीत मावळतीच्या भिंतीला, स्वतःच्या बसायच्या जागेजवळच ठेवला. त्यात पाणी भरायची वेळ मात्र ते गेल्यावरच आली. तेरावं झाल्यावर मी धुऊन पुसून पहिल्यांदा भरला.

त्यांनी ह्या घरात आणलेली ती शेवटची वस्तू. मग त्यांनी राहायला दुसरी जागा कशाला शोधावी?

झाकण उघडलं की वास येतो. पाण्यालाही जरासा आहे, जिभेवर गार लागतं. दत्ताने एकदा तोंडात घेऊन थुंकलं, तो रांजणगावच्या कंपनीतून येताना विकतच्या पाण्याचा जार आणतो आणि तेच पितो. त्याला काय कळतंय. मी हेच पिते, ह्याच पाण्यात पीठ मळते. आणि दिवेलागणीला पूनमला एक तांब्या माझ्या हाताने देते. आजोबांचा हात पोरावर आत्तापासून असू दे. ह्या खेपेला पोर राहणार बघ. कुणी राखण करायला बसलं आहे.

तुझा नमस्कार सांगितला.

तुझी आत्या


कुरकुंभ
२९ मार्च २०२५

ती. सौ. आत्यास शि. सा. नमस्कार.

पत्र आजच मिळालं, लगेच लिहायला बसलो. जेवणाचा डबा तसाच आहे.

आत्या, मला त्या ड्रमाबद्दल थोडं सांग. बाहेरून कागद चिकटवलेला आहे का? त्यावर काही अक्षरं दिसतात का? पूनम बारावी झालेली आहे, तिला वाचायला सांग. तळाशी काही तेलकट आहे का? भरण्याआधी कशाने धुतलास?

आणि माझं एक ऐक. मी येईपर्यंत त्यातलं पाणी पिऊ नका. ह्या दिवसांत साठवणीच्या पाण्यात किडे होतात, इकडे डेंगीचे पेशंट निघालेत. पूनमला तर ते पाणी अजिबात नको. जारचं दे, नाहीतर उकळून गार केलेलं. किड्यांचं म्हणूनच सांगतोय, दुसरं काही नाही.

रजेचा अर्ज टाकलाय. पाडव्याला ओव्हरटाइम आहे, नंतरच्या रविवारचं बघतो.

तुझा
रविराज


वडगाव रासाई
४ एप्रिल २०२५

चि. रविराज यास अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. पूनमला जारचं पाणी देते. काळजी करू नकोस.

ड्रमावर कागद होता, तो मीच घासून काढला, थोडा राहिलाय. डिटर्जंट आणि चिंचेने धुतला होता. पण एवढे प्रश्न का विचारतोस ते माझ्या लक्षात आलं. तुलाही तिकडे काहीतरी जाणवलेलं दिसतंय, तू लपवतोयस. मामा तुझ्याकडेही येतात का? तुला त्यांनी पोटच्या पोराइतकं केलं, येतीलच. त्यांना म्हणावं, इकडचं काम उरकल्याशिवाय लांब जाऊ नका.

आता आणखी एक सांगते. हल्ली मला त्यांचं गुणगुणणंही ऐकू येतं. बाहेरचं कुणाचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पण हे येतं. शब्द नसतात, नुसता सूर. मेंढरं बसवताना करायचे तसा. दोन्ही कानांत येतो, गेलेल्या कानातसुद्धा. रात्री उशीवर डोकं टेकलं की तो चालू असतो आणि मी झोपी जाते. ते गेल्यापासून मला झोप लागत नव्हती रे. आता लागते.

तू रविवारी ये. पुरण करते.

तुझी आत्या


वडगाव रासाई
८ एप्रिल २०२५

ती. रविराज भाऊजींस पूनमचा नमस्कार.

मी असं चोरून कधी कुणाला लिहिलेलं नाही. फोन ह्यांच्याजवळ असतो आणि मेसेज हे वाचतात, म्हणून टेम्पोवाल्याकडे हे पत्र देते आहे.

सासूबाईंनी तुम्हाला कळवलं की मला जारचं पाणी देतात. ते खरं नाही. रोज दिवा लावला की तांब्या भरून माझ्यासमोर उभ्या राहतात आणि शेवटचा घोट जाईपर्यंत हलत नाहीत. वर म्हणतात, "आजाचा हात हाय बाळावर, नगं म्हणू नगंस." मला त्या वासाने मळमळतं. पण दिवस गेल्यावर कशानेही मळमळतं, म्हणून मी गप्प राहिले. तुमच्या पत्रातले प्रश्न त्यांनी मला वाचून दाखवले, तेव्हा मला शंका आली. किडे असते तर तुम्ही कागदावरची अक्षरं का विचारली असती?

ड्रमाच्या मागच्या बाजूला फाटका कागद आहे. इंग्रजीत "मिथाईल" एवढं नीट वाचता येतं. पुढचा शब्द "सॅ" ने सुरू होतो आणि फाटलाय. खाली लाल चौकटीत उद्गारचिन्ह आहे.

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. ह्यांना कळलं तर त्याच पावली कुऱ्हाड घेतील. आणि मला दुसरीच भीती वाटते. तुम्ही तेरावं करून गेलात, त्यानंतरचे दिवस तुम्ही बघितले नाहीत. सासूबाई जेवतच नव्हत्या. कपभर चहावर दिवस काढायच्या. भाकरी पुढे ठेवली तर कुत्र्याला घालायच्या आणि जेवले म्हणायच्या. हे रडले, पाया पडले, काही झालं नाही. अंगावरचं पातळ राहत नव्हतं इतक्या वाळल्या. मग त्या ड्रमातला वास सुरू झाला आणि एक दिवस स्वतः पीठ मळायला बसल्या. त्या पाण्याची भाकरी त्या खातात, भाऊजी. तेवढीच खातात.

ड्रम राहिला तर माझ्या बाळाचं काय होईल? ड्रम गेला तर त्यांचं काय होईल? मला दोन्हीची भीती वाटते. तुम्ही या.

पूनम


कुरकुंभ
१५ एप्रिल २०२५

ती. आत्यास रविराजचा शि. सा. नमस्कार.

रविवारी दिवसभर तुझ्यासमोर बसलो, पुरणपोळ्या खाल्ल्या, उसाच्या भावावर बोललो आणि जे बोलायला आलो होतो ते न बोलता परत आलो. तुला काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, आणि ही ओरडून सांगायची गोष्ट नाही. म्हणून लिहितो. एकटी असशील तेव्हा पुढचं वाच.

आत्या, तो वास ड्रमाचा आहे.

ड्रमात आधी जो माल होता त्याला मिथाईल सॅलिसिलेट म्हणतात. आपण गंधपुऱ्याचं तेल म्हणतो तेच, कारखान्यात बनवलेलं. बामाला जो वास असतो तो त्याचाच. इकडच्या कुठल्या तरी प्लँटमधून ड्रम रिकामा झाला, भंगारात गेला आणि मामांनी चांगला जाड बघून उचलला. त्यांना काय कल्पना असणार. अख्ख्या तालुक्यात निम्म्या घरी असे ड्रम आहेत. कुणी ज्वारी भरतं, कुणी पाणी, आणि कुणाच्या ड्रमात आधी काय होतं ते कुणी विचारत नाही.

तू चिंचेने घासलास, पण घासून ते निघत नाही. प्लॅस्टिक वरून गुळगुळीत दिसतं म्हणून आपण त्याला काचेसारखं समजतो. ते तसं नसतं, ते आत पितं. थंडीत धरून ठेवतं आणि उन्हाने तापलं की परत सोडतं. मावळतीचं ऊन दुपारभर त्या भिंतीवर असतं, म्हणून वास दिवेलागणीला येतो. तुला बिस्किटांची गोष्ट मीच लिहिली होती आणि तुझ्या घोंगड्याच्या मागे लागलो. शिवाय हे तेल पाण्याहून जड असतं. मी बॅटरी लावून आत बघितलं, तळाच्या खाचेत अजून चकाकतंय. तू रोज वरून पाणी भरतेस आणि ते खालून थोडं थोडं पाण्यात उतरतं. बाटलीत भरून आणलेलं पाणी आमच्या लॅबच्या शितल मॅडमना दिलं. त्यांनी बूच काढलं आणि मी काही सांगायच्या आधी नाव सांगितलं. मशीनवर लावलं तेव्हा तेच निघालं.

अंगाला चोळतात ते औषध, पण पोटात गेलं तर विष. आत्तापर्यंत किती गेलं, त्याने काय झालं, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या की पोटुशी बाईच्या पोटात हे जाताच कामा नये. आणि त्या म्हणाल्या, हे पोटात गेल्याने कानात आवाजही येतात. तुझी गुणगुण त्याची असेल. कानाचं वय झालं त्याचीही असेल. ते मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी खोटं सांगणार नाही.

पूनमला मी रविवारी गोठ्यामागे गाठून सांगितलं. तू तिच्यावर रागावू नकोस. पण तू तांब्या घेऊन समोर उभी राहिलीस की तुझ्याकडे बघून तिला नाही म्हणवत नाही. ती पुन्हा पिईल, मला ती भीती आहे. दत्ताला सांगितलं असतं तर त्याने एका घावात काम संपवलं असतं. पण मामा तुला न विचारता गेले, आता हेही तुला न विचारता व्हावं, हे मला पटेना. आठवड्यात तुझ्याकडून काही कळलं नाही तर मात्र मी दत्ताला फोन करीन. धमकी म्हणून लिहीत नाही, बाळ थांबणार नाही म्हणून लिहितो.

तुझा माझ्यावर विश्वास बसत नसेल तर एक कर. एक दिवस ड्रम रिकामा करून उसाच्या बांधावर नेऊन ठेव, उन्हात. संध्याकाळी तू पडवीत बस. मामा तुझ्यासाठी येत असतील तर पडवीत येतील, ड्रमाच्या मागे जाणार नाहीत.

आणि माझीही एक गोष्ट ऐक. रविवारी तू चहा करायला आत गेलीस तेव्हा मी पडवीत एकटा होतो. ऊन उतरलं, वास आला. सगळं मला माहीत होतं, पदर किती, माल कुठला, कागदावर काय. तरी मी पाय आखडून घेतले आणि भिंतीजवळ थोडी जागा केली, त्यांना बसायला. म्हणून तुला वेडी म्हणायचा अधिकार मला नाही.

तुझा
रविराज


वडगाव रासाई
६ मे २०२५

चि. रविराज यास आशीर्वाद.

तू आठवडा म्हणाला होतास आणि बरेच दिवस थांबलास. पूनमने कळवलं असणार की ड्रम गेला. बाकीचं तिलाही माहीत नाही, ते मी लिहिते.

तुझं पत्र वाचून मी रागावले. खूप रागावले. वाटलं, दत्ताने शिकवलंय. मग वाटलं, कंपनीत राहून ह्या पोराला माणसातलं माणूस दिसेनासं झालंय, त्याला सगळीकडे पदर दिसतात. पूनमला त्या दिवशी तांब्या दिला नाही, पण स्वतः दोन प्याले प्यायले.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालास तसं केलं. पाणी ओतलं, दत्ता कामावर गेल्यावर ड्रम आडवा करून ढकलत ढकलत बांधावर नेला. संध्याकाळी पडवीत येऊन बसले. दिवा लावला. ऊन भिंतीवरून उतरलं. मी वाती वळत होते आणि नाकाकडे सगळा जीव लावून बसले होते. चुलीचा धूर आला, गोठ्याचा वास आला, पूनम कांदा परतत होती त्याचा आला. ते आले नाहीत. रवी, मी त्यांना हाक मारली. नवऱ्याचं नाव मी जन्मात कधी घेतलं नव्हतं, ते घेतलं. ज्योतिबा म्हणून हाक मारली. पूनम पळत बाहेर आली, तिला सांगितलं मांजर होतं.

मग मी बांधावर गेले. अर्ध्या वाटेवरच वास आला. ते तिथे होते. उसाच्या कडेला, एकटे.

तू म्हणशील, आत्याला एवढं लिहूनही कळलं नाही. कळलं रे. तिथे काय आहे ते मला कळलं होतं. पण मी तिथे बसले. ड्रमाला पाठ लावून बसले, तो अजून ऊन होता. त्यांच्याशी बोलले. पूनमचं सांगितलं, तू काय लिहिलंस ते सांगितलं. म्हटलं, तुम्ही बाळासाठी थांबलात आणि तुमच्यामुळेच बाळाला धोका आहे, असं रवी म्हणतोय. तो खोटं बोलणारा पोरगा नाही, तुम्हीच वाढवलाय. कानात गुणगुण होती, ती त्यांची का माझी, हे मी मुद्दाम विचारलं नाही. अंधार पडल्यावर उठले आणि म्हटलं, "आता जावा तुमी. म्या हाय हितं, पोरीचं बघायला."

दत्ताला मीच बोलावलं. तुकडे कर म्हटलं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार नाही. जाळायचा नाही असं तू पूनमला सांगितलं होतंस, म्हणून पोत्यात भरून ठेवलाय, तुझ्या गाडीने ने. झाकण मी लपवलं होतं, हेही लिहिते. गव्हाच्या कणगीमागे ठेवलं होतं आणि दोन वेळा जाऊन हुंगलं. मग डोळ्यांसमोर आलं की उद्या पोर रांगत तिथेच जाणार, आणि जे सापडेल ते तोंडात घालणार. तेही पोत्यात टाकलं.

गावाला विचारलंस तर तुझे मामा जानेवारीत गेले. माझ्यासाठी ते त्या दिवशी बांधावर गेले. आणि जानेवारीत मला कुणी विचारलं नव्हतं, ह्या वेळी मीच त्यांना जा म्हटलं. तू खरं लिहिलंस, बरं केलंस. पण बरं केलंस एवढं लिहायला मला इतके दिवस लागले, हे तुलाही माहीत असू दे.

पूनमला शिरूरला तपासून आणलं. सगळं डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्या दत्तावर बरंच रागावल्या, माझ्यावर नाही, म्हातारी म्हणून सोडलं असेल. बाळाचे ठोके चांगले आहेत. वाढ बरोबर आहे. मात्र बाळंत होईपर्यंत दर महिन्याला यायचं, आत्ताच सगळं सांगता येत नाही, असं म्हणाल्या. तेव्हा ती टांगती तलवार आहेच. मी रोज देवापुढे उभी राहते आणि काय मागायचं ते मला सुचत नाही, नुसती उभी राहते.

जेवणाचं पूनमने तुला सांगितलंय, मला कळलं. ती माझ्यासमोर स्वतःचं ताट घेऊन बसते आणि मी पहिला घास घेतल्याशिवाय जेवत नाही. तिच्या पोटातल्याला उपाशी ठेवणं मला जमत नाही, म्हणून जेवते. हाडं पुन्हा बुजायला लागलीत.

पाणी जारचं पितो आता सगळेच. काल दिवेलागणीला दत्ताने माझ्या हातात पेला आणून दिला. पडवीत बसून प्यायले. साध्या पाण्याला कसलीच चव नसते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

तुझी आत्या
अनसाबाई